उंबरमाळी ते कसारा : नाणेफेकीतून विसरणाचं गणित



आमच्या पाचवीच्या मुलांना लोकलची स्टेशनं तोंडपाठ. म्हणून फरशीवर खडूने सहा चौकटी आखल्या आणि आकडे टाकले : आसनगाव ०, आटगाव १, तानशेत २, खर्डी ३, उंबरमाळी ४, कसारा ५. एक मुलगा उंबरमाळीवर उभा. छापा पडला तर एक स्टेशन कसाऱ्याकडे, काटा पडला तर एक आसनगावकडे. कसारा किंवा आसनगाव आलं की उतरायचं, डाव संपला. परत चढायचं नाही.

आधी विचारलं, कसारा किती वेळा येईल? निम्मी मुलं म्हणाली, "नाणं सारखंच आहे, अर्धं-अर्धं." बाकीची म्हणाली, "कसाराच येणार, जवळ आहे ना!" दोघांचंही थोडं चुकलं.

आता प्रत्येक चौकटीत 'आधी कसारा गाठण्याची शक्यता' लिहा. आसनगावला ०, कसाऱ्याला १. मधल्या स्टेशनावरून निम्म्या वेळा इकडे, निम्म्या वेळा तिकडे, म्हणजे तिथला आकडा शेजारच्या दोघांची सरासरी असलाच पाहिजे. सगळीकडे असं जमायचं तर पायऱ्या सारख्या हव्यात : १/५, २/५, ३/५, ४/५. उंबरमाळीचं उत्तर ४/५. अपूर्णांकाचा धडा इथे आपोआप होतो. डाव सरासरी किती फेकींत संपतो? दोन्ही टोकांपासूनच्या अंतरांचा गुणाकार करा. उंबरमाळीहून ४ × १ = ४, खर्डीहून ३ × २ = ६.

एका गटाला दहा डावांत कसारा सहाच वेळा मिळाला. पोरं आकडा खोडायला निघाली, मी खोडू दिला नाही. दहा डाव फार थोडे असतात.

अगरबत्तीचा वास खोलीभर नेतात ते मुख्यतः हवेचे प्रवाह, पण हवा अगदी स्थिर असली तरी वासाचे कण अशाच वेड्यावाकड्या चालीने हळूहळू पसरतात. यालाच विसरण म्हणतात. १९०५ साली आइन्स्टाइन यांनी पाण्यातल्या बारीक कणांच्या हालचालीचं गणित याच विचाराने मांडलं. आलेला कण गिळून टाकणारी कड म्हणजे शोषक सीमा, आपली दोन शेवटची स्टेशनं तीच. अशी एकच भिंत असेल तर एक गंमतशीर युक्ती आहे : भिंतीपलीकडे तेवढ्याच अंतरावर एक 'ऋण' अगरबत्ती कल्पायची. भिंतीवर दोघींचा वास वजा होऊन शून्य उरतो. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या १९४३ च्या प्रसिद्ध लेखात शोषक भिंतीचं हे गणित आहे. (हे पाचवीला सांगायचं नाही, आपल्यासाठी.)

दुसऱ्या दिवशी एक पालक आले. "गुरुजी, पोरांना जुगार शिकवता का?"

मी त्यांनाच चौकटीत उभं केलं. म्हटलं, तुमच्या खिशात १ रुपया, माझ्याकडे ४. दर फेकीला रुपया इकडचा तिकडे. म्हणजे तुम्ही आटगावला. नाणं खरं असूनही पाचातल्या चार वेळा तुमचाच खिसा रिकामा होणार. माझ्याकडे ९९ असते तर शंभरातल्या ९९ वेळा. मोबाइलवर पैसे लावून खेळतात त्या खेळात समोरच्याचा खिसा तर त्याहून कितीतरी मोठा, आणि नाणंही बहुधा त्याच्याच बाजूचं.

ते थोडा वेळ चौकटींकडे बघत राहिले. मग म्हणाले, "टाका नाणं."

पहिल्याच फेकीला काटा पडला.