केसगळतीवर बिंबाणुसमृद्ध रक्तद्रवाचा उपचार : तो कितपत गुणकारी?

डोक्यावरील केस विरळ होऊ लागले म्हणजे माणूस अस्वस्थ होतो. टक्कल पडल्याने प्राणास धोका पोहोचत नाही, पचन बिघडत नाही, की काम करण्याची शक्ती उणावत नाही; तरीही या एका गोष्टीसाठी मनुष्याने प्राचीन काळापासून नाना प्रकारची तेले, लेप आणि काढे वापरून पाहिले आहेत. जेथे इच्छा उत्कट असते आणि उपाय अनिश्चित असतो, तेथे खरे औषध कोणते व पोकळ आश्वासन कोणते हे ओळखणे कठीण जाते.

गेल्या सुमारे वीस वर्षांत या उपायांत एका नव्या उपचाराची भर पडली आहे. रुग्णाच्याच रक्तातून एक विशिष्ट भाग वेगळा काढावयाचा आणि तो बारीक सुईने डोक्याच्या त्वचेत टोचावयाचा, असा हा उपचार आहे. या भागास बिंबाणुसमृद्ध रक्तद्रव म्हणतात; दवाखान्यांतून तो पी. आर. पी. या आद्याक्षरांनीच ओळखला जातो. लहानमोठ्या अनेक शहरांत तो आज उपलब्ध आहे आणि त्यासाठी लोक बराच पैसाही खर्च करतात. तेव्हा केस मुळात का गळतात, रक्ताच्या या भागात केसांना उपयोगी पडेल असे काय आहे, आणि प्रत्यक्ष प्रयोगांत काय दिसून आले, या तीन प्रश्नांचा येथे क्रमाने विचार करू.

केसाचे जीवनचक्र

प्रत्येक केस त्वचेतील एका सूक्ष्म पिशवीतून उगवतो. या पिशवीस केशपुटक असे नाव आहे. पुटकाच्या तळाशी रक्तवाहिन्यांनी युक्त असा एक लहानसा उंचवटा असतो. त्यास आपण केशांकुर म्हणू. अंकुराभोवतीच्या पेशी वेगाने विभागतात, वर ढकलल्या जातात आणि जाता जाता कठीण होऊन मरतात. या मृत पेशींचा दोर म्हणजेच आपल्याला दिसणारा केस. म्हणूनच केस कापताना वेदना होत नाही. केसाची वाढ किंवा ऱ्हास जो काही व्हावयाचा, तो त्वचेखाली पुटकातच होतो.

माणसाच्या डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात. प्रत्येक पुटक आळीपाळीने काम करते आणि विसावा घेते. वाढीचा काळ साधारणतः २ ते ६ वर्षांचा असतो व त्या काळात केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. नंतर दोनतीन आठवड्यांचा संक्रमणकाल येतो आणि त्यापुढे सुमारे ३ महिन्यांचा विश्रांतिकाल. विश्रांतीच्या अखेरीस जुना केस गळतो व त्याच पुटकातून नवा उगवतो. निरोगी माणसाचेही रोज ५० ते १०० केस गळतात ते यामुळेच. गळणाऱ्या केसाची जागा नवा केस घेत नाही, किंवा घेतला तरी तो पूर्वीपेक्षा बारीक असतो, तेव्हाच टक्कल पडू लागते.

केसगळतीचे प्रकार

केस गळणे हा एकच विकार नाही. त्याचे निदान तीन प्रकार तरी ध्यानात ठेवले पाहिजेत.

पहिला व सर्वांत सामान्य प्रकार वंशपरंपरेने येणाऱ्या टकलाचा होय. अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवून दिले की, वृषण नसलेल्या पुरुषांना अशा प्रकारचे टक्कल पडत नाही. पण त्यांना पुरुष-हॉर्मोन दिले असता, ज्यांच्या घराण्यात टकलाची प्रवृत्ती आहे त्यांचे केस विरळ होऊ लागतात. म्हणजे आनुवंशिकता आणि हॉर्मोन ही दोन्ही कारणे एकत्र यावी लागतात. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाचे अधिक प्रभावी हॉर्मोन तयार होते, आणि संवेदनशील पुटके त्याच्या परिणामाने हळूहळू आकसतात. दर फेऱ्यात केस अधिक आखूड व अधिक बारीक होतो. पुटक लगेच नाहीसे होत नाही, ते दुबळे होते; ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. स्त्रियांतही भांगाजवळचे केस अशाच रीतीने विरळ होतात.

दुसरा प्रकार तात्पुरता असतो. टायफॉइडसारखा मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा कडक उपासमार यांनंतर दोनतीन महिन्यांनी केस झुपक्याझुपक्यांनी गळतात, कारण अनेक पुटके एकाच वेळी विश्रांतीत गेलेली असतात. कोविडच्या आजारानंतरही हा अनुभव अनेकांस आला. मूळ कारण दूर झाले की बहुधा काही महिन्यांत केस आपोआप परत येतात.

तिसरा प्रकार चाईचा. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच केशपुटकांवर हल्ला करते आणि डोक्यावर गुळगुळीत, गोल चट्टे पडतात.

बिंबाणू म्हणजे काय?

रक्तद्रव म्हणजे प्लाझ्मा, हा रक्ताचा पिवळसर पातळ भाग होय. त्यात तांबड्या व पांढऱ्या पेशी तरंगत असतात आणि त्यांच्याबरोबर बिंबाणू किंवा प्लेटलेट नावाचे अतिसूक्ष्म कणही असतात. त्यांचा व्यास एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोनतीन पटच असतो. निरोगी माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात त्यांची संख्या दीड ते साडेचार लाख असते. ते अस्थिमज्जेतील मोठ्या पेशींपासून तुटून निघतात आणि सात ते दहा दिवस जगतात. जखम झाली असता हे कण एकमेकांस चिकटून रक्तवाहिनीचे छिद्र बुजवतात, हे इटलीतील तूरिन येथील जूलिओ बित्सोत्सेरो यांनी १८८२ साली स्पष्ट केले.

परंतु बिंबाणूंचे काम येथेच संपत नाही. त्यांच्या पोटात सूक्ष्म कणिका असतात व त्यांत अनेक वृद्धिकारक प्रथिने साठवलेली असतात. बिंबाणू उत्तेजित झाले की ही प्रथिने बाहेर पडतात. त्यांतील काही नव्या रक्तवाहिन्यांच्या निर्मितीस चालना देतात, तर काही पेशींना विभागण्यास प्रवृत्त करतात. जखम भरून येण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. जखम भरणाऱ्या या प्रथिनांनी दुबळ्या केशपुटकासही बळ मिळेल काय, हाच या उपचारामागील तर्क आहे.

उपचाराची रीत

रुग्णाच्या हातातील शिरेतून थोडे रक्त काढतात आणि ते गोठू नये म्हणून त्यात एक द्रव्य मिसळतात. मग नळी वेगाने फिरणाऱ्या यंत्रात ठेवतात. दुधातून मलई काढण्याच्या फिरत्या यंत्रात जड व हलके भाग वेगळे होतात, तसेच येथे घडते. तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर स्वच्छ रक्तद्रव राहतो आणि त्याच्या खालच्या थरात बिंबाणू दाटीने जमतात. हा थर काढून घेऊन डोक्याच्या विरळ भागात ठिकठिकाणी टोचतात. बहुधा महिन्याच्या अंतराने तीनचार वेळा हा उपचार करतात व पुढेही काही महिन्यांनी त्याची पुनरावृत्ती करतात.

बिंबाणूंचा असा उपयोग प्रथम केसांसाठी झाला नाही. जबड्याच्या हाडाचे कलम लवकर सांधावे म्हणून तो केल्याचा अहवाल १९९८ साली प्रसिद्ध झाला आणि त्याने पुष्कळांचे लक्ष वेधले. ब्राझीलमध्ये केसांचे रोपण करण्यापूर्वी रोपे या द्रवात भिजवून पाहिली गेली. २००६ सालच्या त्या अहवालात अशी रोपे अधिक संख्येने जगल्याचे नमूद आहे. पुढे २०१२ साली कोरियातील संशोधकांनी दाखविले की, या द्रवाने प्रयोगशाळेतील केशांकुराच्या पेशी अधिक वेगाने वाढतात आणि उंदरांच्या अंगावर केस लवकर येतात. परंतु तर्क सुसंगत असणे आणि उपचार सिद्ध होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. उंदराच्या पाठीवर जे घडते, ते मनुष्याच्या डोक्यावर घडेलच असे नाही.

तुलनेवाचून निर्णय नाही

पुण्यातील डॉक्टरांनी २०१४ साली ११ पुरुषांवरील अनुभव प्रसिद्ध केला. सहा महिने औषधे घेऊनही या रुग्णांस पुरेसा गुण आलेला नव्हता. दोन दोन आठवड्यांच्या अंतराने चार वेळा उपचार केल्यावर त्यांच्या केसांची दाटी वाढलेली आढळली. असे प्राथमिक अभ्यास उपयोगी असतात, कारण त्यांवरून पुढील शोधाची दिशा ठरते. तथापि तुलनेसाठी दुसरा गट नसला म्हणजे वाढ कशामुळे झाली हे निश्चित सांगता येत नाही.

तात्पुरती केसगळती आपोआप थांबते. त्याच सुमारास कोणी सुई टोचून घेतली, तर श्रेय सुईला मिळते. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास गाठ पडावी, तसे हे होते. काही रुग्ण दुसरे औषधही घेत असतात. शिवाय पैसा व आशा खर्च केलेल्या माणसास आरशात सुधारणा दिसू लागते, हा मानवी स्वभाव आहे. आणखी एक सूक्ष्म मुद्दा असा की, सुईने टोचण्यामुळेही त्वचेस बारीक जखमा होतात आणि त्यांमुळेच काही वृद्धिकारक द्रव्ये सुटू शकतात. म्हणून योग्य कसोटी अशी की, काहींना बिंबाणूंचा द्रव व काहींना नुसते मिठाचे निर्जंतुक पाणी टोचावे. कोणास काय द्यावयाचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवावे, आणि केस मोजणाऱ्यास ते कळू देऊ नये.

अशा कसोटीचे निकाल एकसारखे नाहीत. रोममध्ये २० पुरुषांच्या डोक्याच्या एका अर्ध्या भागात हा द्रव व दुसऱ्या अर्ध्या भागात निष्क्रिय द्रव टोचण्यात आला. तीन फेऱ्यांनंतर उपचार केलेल्या बाजूस मोजणीच्या क्षेत्रात सरासरी सुमारे ३४ केस वाढल्याचे २०१५ सालच्या अहवालात म्हटले आहे. मात्र वर्षभरानंतर त्यांतील चौघांचे केस पुन्हा गळू लागले होते. याउलट २६ स्त्रियांवरील २०१६ सालच्या प्रयोगात एकदाच उपचार करून सहा महिन्यांनी केस मोजले, तेव्हा दोन गटांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. न्यूयॉर्कमधील ३५ जणांवरील २०२० सालच्या प्रयोगात द्रव टोचलेल्या व मीठपाणी टोचलेल्या अशा दोन्ही भागांत केस वाढले. परंतु दोहोंतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. तुलना केलीच नसती, तर या शेवटच्या प्रयोगातील सर्व वाढ बिंबाणूंच्याच नावावर जमा झाली असती.

निकालांत असा विरोध का? द्रव तयार करण्याची एकच ठरलेली रीत नाही. कोठे बिंबाणू दुप्पट दाट असतात, तर कोठे पाचपट. टोचण्याच्या फेऱ्या व त्यांतील अंतर भिन्न असते. रुग्णांचे वय आणि टकलाची अवस्थाही सारखी नसते. एकाच डोक्याचे दोन भाग तुलनेस घेतले, तर एका बाजूचा द्रव दुसरीकडे पसरण्याचाही संभव असतो. अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिले असता सरासरीने केसांची दाटी थोडी वाढते असे दिसते. परंतु बहुतेक प्रयोग लहान असल्यामुळे या निष्कर्षास अजून पक्का पाया लाभलेला नाही. तुलनेसाठी हे पाहावे : टकलावरील फिनास्टेराइड या औषधास अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळाली, त्याची मुख्य चाचणी १,५५३ पुरुषांवर झाली होती. डोक्यास लावण्याचे मिनॉक्सिडिल तेथे १९८८ पासून मान्य आहे. या औषधांनाही मर्यादा व दुष्परिणाम आहेत. पण त्यांचा गुण व अवगुण दोन्ही मोजलेले आहेत.

धोका आहे काय?

रक्त स्वतःचेच असल्यामुळे शरीर ते नाकारीत नाही. वेदना, किंचित सूज व डोकेदुखी यांपलीकडे बहुधा त्रास होत नाही. तथापि ज्यांचे बिंबाणू कमी आहेत, ज्यांना रक्तस्रावाचा विकार आहे, जे रक्त पातळ करणारी औषधे घेतात किंवा ज्यांच्या डोक्याच्या त्वचेस संसर्ग झाला आहे, त्यांनी डॉक्टरांस तसे आधीच सांगितले पाहिजे. स्वच्छतेत हयगय झाली तर स्वतःचे रक्तही सुरक्षित राहत नाही. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात परवाना नसलेल्या एका सौंदर्यगृहात चेहऱ्यावर असाच उपचार घेतलेल्या काही स्त्रियांना एच. आय. व्ही.ची लागण झाल्याचे २०१८ पासूनच्या तपासात उघडकीस आले. तेथे एकदाच वापरावयाची साधने पुन्हा वापरली जात होती.

निष्कर्ष

उपलब्ध पुराव्यावरून इतके म्हणता येते. वंशपरंपरागत टकलाच्या आरंभीच्या अवस्थेत, पुटके दुबळी पण जिवंत असताना, या उपचाराने काहींचे केस काही प्रमाणात दाट होण्याचा संभव आहे. हा लाभ सर्वांस मिळत नाही व बहुधा टिकाऊही नसतो. जेथे पुटकेच नाहीशी झाली आहेत, तेथे नवे केस उगवण्याची आशा धरू नये. चाईतही त्याचा प्रयोग झाला आहे, पण तेथे पुरावा अद्याप अपुरा आहे. तात्पुरत्या केसगळतीत तर पुष्कळदा धीर हेच औषध असते.

तेव्हा ज्यांस हा उपचार घ्यावासा वाटेल, त्यांनी प्रथम त्वचारोगतज्ज्ञाकडून केसगळतीचा प्रकार निश्चित करून घ्यावा. किती फेऱ्या होतील, एकूण खर्च किती येईल, गुण आला की नाही हे कोणत्या मोजणीने ठरेल आणि गुण न आल्यास केव्हा थांबावयाचे, हे प्रश्न आधीच विचारावेत. उपचारापूर्वीचे व नंतरचे छायाचित्र दाखविले गेले, तर उपचार न घेतलेल्या तशाच माणसाचे छायाचित्र कोठे आहे, हेही विचारावे. हा शेवटचा प्रश्न केवळ केसांपुरता नाही. कोणत्याही नव्या औषधाच्या बाबतीत तो विचारण्यासारखा आहे.

विचारार्थ प्रश्न

१. रोज ५० ते १०० केस गळत असूनही निरोगी माणसास टक्कल का पडत नाही?
२. बाळंतपणानंतरच्या केसगळतीत कोणताही उपचार गुणकारी भासण्याचा संभव का असतो?
३. तुलनेच्या गटास काहीच न देता मिठाचे पाणी का टोचतात?
४. जखम भरण्यास उपयोगी पडणारे द्रव्य केस वाढविण्यासही उपयोगी पडेल, हे अनुमान आहे की सिद्ध झालेली गोष्ट? कारण सांगा.