जुना ट्रॅक्टर : खरी किंमत व पुरी विक्री

द्राक्षाच्या दोन ओळींतून चालेल असा पंधरा ते वीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर पुष्कळ शेतकरी कुटुंबांनी घेतला आहे. तो विकण्याची वेळ आली म्हणजे दोन प्रश्न उभे राहतात : किंमत काय सांगावी, आणि विक्री पुरी झाली असे केव्हा म्हणावे? या पाठात आपण दोहोंचा क्रमाने विचार करू.

१. किंमत

"मला एवढ्याला पडला" हा हिशेब घेणाऱ्याच्या कामाचा नसतो. तोच ट्रॅक्टर आज नवा कितीला मिळतो, तेथून खाली उतरावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. समजा, कराशिवाय किंमत ३,००,००० रुपये आहे. पूर्वी तो ३,३६,००० रुपयांना पडला असता. आता ३,१५,००० रुपयांना पडेल. यंत्र न झिजताही २१,००० रुपये उतरले! त्यानंतर टायर, क्लच, बॅटरी यांची झीज वजा करावी. वापर वर्षांवर नव्हे, तर मीटरवरील तासांवर मोजावा. मीटर बंद असेल तर तसे स्पष्ट सांगावे.

२. दोष

गिऱ्हाईक येण्यापूर्वी इंजिन तापवून ठेवू नये; थंड इंजिन कसे सुरू होते, यातच त्याची परीक्षा असते. निळा धूर आला तर ऑईल जळत आहे, ऑईल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे, असे समजावे. अवजार उचलून इंजिन बंद केल्यावर ते लगेच खाली बसले, तर हायड्रॉलिकमध्ये गळती असण्याचा संभव असतो. नव्या रंगाखाली झाकलेला दोष ऐन पेरणीत दुसऱ्याच्या शेतात उघडा पडतो. म्हणून दोष आपणच सांगावा व दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करावा, असे आम्ही सुचवतो.

३. कागद

पैसे मिळाले, किल्ली दिली, म्हणजे विक्री पुरी झाली असे नाही. २००७ साली विकलेली एक मोटार पुढे अनेक हातांतून गेली. २००९ साली तिला अपघात झाला. नोंदवहीत नाव पहिल्याच मालकाचे होते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच ठेवली. ट्रॅक्टरही याच मोटार वाहन कायद्याखाली नोंदला जातो.

यासाठी नमुना २९ व ३० वर उभयतांनी सह्या कराव्या. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवावे. बेळगावचा ट्रॅक्टर कोल्हापुरास जाणार असेल, तर नमुना २८ वर ना-हरकत दाखला घ्यावा लागतो. त्यासाठी मुदत ४५ दिवसांची आहे. बँकेचे कर्ज फिटले असल्यास नमुना ३५ देऊन बोजा उतरवून घ्यावा. घेणारा ओळखीचा किंवा नात्यातला असला म्हणजे हे सारे राहून जाते. पण अपघात नाते पाहत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

(अ) वरील हिशेब २,५०,००० रुपयांच्या ट्रॅक्टरसाठी करा.
(आ) न विचारलेला दोष सांगणे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे काय?
(इ) आपल्या घरातील कोणते वाहन विकले गेले, पण अजून आपल्याच नावावर आहे?