घरातील वीजवापर व त्याचा खर्च : अंकगणिताचा एक पाठ
(इयत्ता ६ वी व ७ वी)

गावातील बहुतेक घरी आज वीज आहे व तिचे देयकही येते. परंतु ते समजून घेऊन पैसे भरणारी घरे थोडी. रक्कम वाढली की कोणी मीटरला दोष देतो, कोणी वायरमनला, तर कोणी घरातील मुलांना. ज्या मुलास दशांश अपूर्णांकांचा गुणाकार येतो, त्यास हा उलगडा करता येतो. म्हणून हा पाठ फळ्यापुरता न ठेवता घरापर्यंत न्यावा, अशी शिक्षकबंधुभगिनींस विनंती आहे.

पूर्वतयारी : पाठापूर्वी आठ दिवस शाळेच्या मीटरचे वाचन सुरू करावे. रोज ठरावीक वेळी एका विद्यार्थ्याने आकडा वाचून फळ्यावर लिहावा. मीटरच्या पडद्यावर अनेक आकडे पाळीपाळीने येतात. त्यांतील ‘के-डब्ल्यू-एच’ या इंग्रजी अक्षरांसमवेत येणारा आकडाच घ्यावा. आजच्या आकड्यातून कालचा वजा केला की एका दिवसाचा वापर मिळतो. सुटीच्या दिवशीही आकडा पुढे सरकला असेल, तर कोणते उपकरण चालू राहिले, याचा शोध मुलांकडूनच करवावा.

विषयप्रवेश : वर्गास पुढील प्रश्न विचारावा. “७५ वॉटचा पंखा १० तास चालला आणि पाणी तापविण्याचा १५०० वॉटचा रॉड अर्धा तास चालला, अधिक वीज कोणास लागली?” बहुतेक मुले रॉडचे नाव घेतील. मग गुणाकार करवावा. ७५ × १० = ७५० आणि १५०० × ०.५ = ७५०. दोहोंस सारखीच वीज लागली! वॉट म्हणजे नळाची धार, तास म्हणजे नळ किती वेळ उघडा राहिला तो काळ, आणि युनिट म्हणजे भरलेल्या घागरी, हा दृष्टान्त येथे उपयोगी पडतो.

निरूपण : १००० वॉटचे उपकरण १ तास चालले म्हणजे १ युनिट वीज खर्च होते. म्हणून,
वॉट × तास ÷ १००० = युनिट.

श्रावण-भाद्रपदात सरपण ओले असता रॉड वापरणाऱ्या एका घराचा रोजचा हिशेब येणेप्रमाणे मांडावा :

४ एलईडी दिवे, प्रत्येकी ९ वॉट, ५ तास : १८०
२ पंखे, प्रत्येकी ७५ वॉट, १० तास : १५००
दूरदर्शन संच, ८० वॉट, ४ तास : ३२०
मिक्सर, ५०० वॉट, १२ मिनिटे (०.२ तास) : १००
रॉड, १५०० वॉट, १ तास : १५००
एकूण ३६०० वॉट-तास, म्हणजे ३.६ युनिट.

३० दिवसांचे ३.६ × ३० = १०८ युनिट झाले.

शीतकपाटाचे यंत्र मधून मधून बंद होते. म्हणून त्याचे वॉट २४ तासांनी गुणू नयेत. त्याच्यावरील तारांकित पट्टीवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, त्यांस १२ ने भागावे.

खर्चाचा हिशेब : आपल्या राज्यात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी व पुढील टप्प्याचा अधिक असतो. प्रत्यक्ष दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो आणि ते बदलत असतात. ते चालू देयकावरूनच घ्यावेत. केवळ उदाहरणासाठी पहिल्या टप्प्याचा दर ५ रुपये व दुसऱ्याचा १० रुपये धरू.

पुष्कळांची समजूत अशी असते की, १०० च्या वर एक युनिट गेले की सर्वच युनिटांस वरचा दर लागतो. तसे असते, तर १०८ × १० = १०८० रुपये झाले असते. वस्तुतः वरचा दर केवळ वरच्या ८ युनिटांस लागतो. (१०० × ५) + (८ × १०) = ५८० रुपये. हा ५०० रुपयांचा भ्रम वर्गात दूर झाला, तरी पाठ सार्थकी लागला असे समजावे.

आता रॉड रोज १२ मिनिटे कमी चालविला, तर १५०० × ०.२ × ३० ÷ १००० = ९ युनिट वाचतात. उरलेल्या ९९ युनिटांचे ४९५ रुपये होतात. बचत ८५ रुपयांची. शेवटची युनिटे सर्वांत महाग असल्याने काटकसरीचा लाभ तेथेच अधिक होतो. स्थिर आकार, वहन आकार व वीज शुल्क यांची ओळख दुसऱ्या तासिकेस करून द्यावी.

उपयोजन : मुलांनी घरचा असाच तक्ता करावा. तासांचा अंदाज असल्याने थोडा फरक येणारच. फरक मोठा असल्यास कोणते उपकरण विसरले, ते पाहावे. देयकातील ‘चालू रीडिंग’ आज मीटरवर दिसणाऱ्या आकड्याहून अधिक कधीच असू शकत नाही. तसे आढळल्यास पालकांनी वीज कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा.

दक्षता : मीटरला वा चालू उपकरणास मुलांनी हात लावू नये, आकडे दुरूनच वाचावेत. देयकावर थकबाकीही छापलेली असते. म्हणून कोणाचेही घरचे देयक वर्गात मोठ्याने वाचवू नये. वर्गासाठी शाळेचे देयक पुरेसे आहे. ज्या घरी वीज नाही, तेथील मुलाकडे शाळेच्या मीटरची नोंदवही सोपवावी. म्हणजे तोही या कामात मागे राहणार नाही.