गारपिटीनंतर घराच्या छपराची तपासणी

मुंबईत काळाचौकीच्या चाळींतून राहणाऱ्या अनेक कुटुंबांची घरे दोन असतात : एक गिरणगावातील खोली आणि दुसरे गावाकडील वडिलोपार्जित घर. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तरी गावाकडील घराशी व शेताशी असलेला संबंध सुटला नाही. फाल्गुन-चैत्रात घाटावर गारपीट झाल्याची वार्ता येते, गावाहून ‘घर उभे आहे’ एवढे कळते आणि मुंबईकर निर्धास्त होतो. पुढे मृगाचा पहिला पाऊस पडतो, माळ्यावरील बियाणे भिजते, कणगीतील धान्यास बुरशी येते आणि मग छपराकडे लक्ष जाते. गारांनी केलेली इजा खालून दिसत नाही व लगेच जाणवतही नाही. म्हणून गारपीट आणि पावसाळा यांमधील कोरडे दिवस तपासणीसाठी उपयोगात आणणे अत्यंत जरुरीचे आहे.

गारेचा मार

फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्च २०१४ च्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागावर वारंवार गारपीट झाली. गहू, हरभरा, कांदा, द्राक्षे यांच्या हानीबरोबरच घरांचीही पडझड झाली. गारेचा व्यास दुप्पट झाला की तिचे वजन आठपट होते आणि ती अधिक वेगानेही पडते. त्यामुळे तिच्या आघाताची शक्ती सुमारे सोळापट वाढते. हरभऱ्याएवढ्या गारा छपरास सहसा इजा करीत नाहीत, परंतु लिंबाएवढ्या गारा कौले फोडतात. तेव्हा गारा केवढ्या होत्या व वारा कोणत्या दिशेचा होता, हे गावातील माणसांस प्रथम विचारावे. वाऱ्याच्या बाजूची पाखी अगोदर तपासावी.

प्रथम आतून पाहणी

छपरावर चढण्याची घाई करू नये. भर दुपारी दारेखिडक्या लावून घ्याव्यात, डोळे अंधारास सरावू द्यावेत आणि मग वर पाहावे. कौलांच्या सांध्यांतून थोडा उजेड नेहमीच येतो. परंतु कौलाच्या मधोमध उजेडाची रेघ किंवा ठिपका दिसला, तर ते कौल तडकले आहे असे समजावे. त्याखालील वाशावर खडूने खूण करावी. वासे व रिपा यांवर पाण्याचे ओघळ आहेत काय, भिंतीच्या माथ्याशी ओल आहे काय, हेही पाहावे. नंतर अंगणात उभे राहून वळचण, पन्हळ व आढ्याची ओळ निरखावी. पन्हळीत कौलांचे तुकडे साचले असल्यास ती मोकळी करावी.

छपराच्या प्रकाराप्रमाणे तपासणी

मंगळुरी कौले : आतून केलेल्या खुणेवरील कौल काढून बोटाच्या पेराने वाजवावे. शाबूत कौलाचा आवाज खणखणीत येतो, तर तडकलेल्याचा बद्द येतो. मडके घेताना गृहिणी हीच परीक्षा करते. तडकलेले कौल चुन्याने किंवा सिमेंटने सांधून पुन्हा बसवू नये, ते बदलावे. आढ्यावरील कौलांचा गिलावा फुटला असल्यास तो नव्याने करावा. नळीची कौले असल्यास ती शाकारून घ्यावीत.

जस्ती पत्रे : पत्र्यास नुसता पोचा पडला म्हणजे तो गळेलच असे नाही. परंतु पोच्याच्या जागी जस्ताचा थर फुटला असेल, तर तेथे गंज धरतो. अशी जागा घासून तिला गंजरोधक रंग द्यावा. पत्र्यापेक्षा हुकांची व त्यांखालील वायसरांची तपासणी महत्त्वाची असते, कारण ढिल्या हुकाच्या भोकातूनच पाणी शिरते आणि सैल पत्रा पुढील वादळात उडतो.

सिमेंटचे पत्रे : गोठा व कांदाचाळ यांवर हे पत्रे पुष्कळ ठिकाणी आहेत. गारेने त्यांस केसासारख्या बारीक तडा जातात. अशा पत्र्यावर कधीही थेट पाय ठेवू नये. वरून धड दिसणारा पत्रा माणसाच्या भाराने एकाएकी मोडतो आणि माणूस खाली कोसळतो. काम करणे भागच असेल, तर खालच्या आधारांवर टेकतील अशा लांब फळ्या टाकून त्यांवरूनच जावे. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते व त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. म्हणून ते कोरडे फोडू किंवा करवतीने कापू नयेत. पाण्याने भिजवून अखंड उतरवावेत.

पंचनामा

दुरुस्तीपूर्वी हानीची छायाचित्रे घ्यावीत व तारीख टिपून ठेवावी. फुटलेली कौले व पत्रे पंचनामा होईपर्यंत टाकून देऊ नयेत. तोवर छपरावर ताडपत्री घालून धान्य, बियाणे व वैरण सुरक्षित ठेवावी. गारपीट ही शासनमान्य नैसर्गिक आपत्ती असल्याने पडझडीची खबर गावच्या तलाठ्यास, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यास, विनाविलंब द्यावी. मालक मुंबईत असल्यास ही कामे करण्यास गावातील एखादा भाऊबंद आधीच नेमून ठेवावा.

काळाचौकीतील छप्पर

मुंबईच्या किनाऱ्यावर गारा क्वचितच पडतात. तेथे छपराचा खरा वैरी वारा आहे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी कुलाब्यास ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे नोंदले गेले. तरीही तपासणीचा क्रम तोच राहतो : आधी आतून, मग खालून आणि शेवटी वरून. मात्र चाळीचे छप्पर सर्व भाडेकरूंचे मिळून असते. तेव्हा एकट्याने वर न चढता मालकास लेखी कळवावे. इमारत उपकरप्राप्त असल्यास इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे सर्वांच्या सह्यांचा अर्ज करावा.

एका कौलाची किंमत ती काय! परंतु त्या एका तडकलेल्या कौलाखाली वर्षाचे बियाणे ठेवलेले असते. मे महिन्यात मुलांना घेऊन गावी जाणाऱ्याने पहिली दुपार छपरासाठी राखून ठेवावी. पावसास अद्याप अवधी असल्यामुळे दुरुस्ती तेव्हा सहज होते.