आधी पॅकेट, मग कमांड

चि. मुक्ता हीस,


तुझं पत्र मिळालं. नेटवर्किंग शिकायचं ठरवलंस, उत्तम केलंस. राउटरच्या कमांड शिकवणारा क्लास लावू की पुस्तक घेऊन मुळापासून सुरुवात करू, असं तू विचारतेस. माझं मत सरळ आहे: पहिले चार-सहा महिने कमांडच्या वाटेला जाऊ नकोस. पॅकेट एका संगणकातून निघतं, वाटेत कुठे रांगेत थांबतं, कधी हरवतं आणि हरवल्याचं पाठवणाऱ्याला कसं कळतं, एवढं आधी पक्कं कर. नेटवर्कमधला बिघाड जिथे दिसतो तिथे तो पुष्कळदा नसतोच. कमांड तुला त्या एका यंत्राची अवस्था सांगेल. पण कुठल्या यंत्राला काय विचारायचं, हे ती सांगत नाही.

ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात काय झालं ते बघ. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम चारशे यार्ड. त्यांच्यातला डेटाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. ४० हजार नव्हे, नुसते ४०, आठशेपट घसरण. तार शाबूत होती, यंत्रं चालू होती, लाइन तर पॅकेटांनी गच्च भरलेली होती. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी याचा माग काढला, तेव्हा दोष पाठवणाऱ्यांच्या वागणुकीत सापडला. पोचपावती वेळेत आली नाही की संगणक पॅकेट हरवलं असं धरून चाले आणि तेच पुन्हा पाठवी. ते बिचारं अनेकदा मध्येच रांगेत उभं असे. कोंडीमुळे पावतीला उशीर, उशीर झाला म्हणून तेच पॅकेट पुन्हा, आणि त्याने कोंडी आणखी घट्ट. शिवाय जोडणी झाली रे झाली की जो तो मोठा गठ्ठा एकदम लाइनवर ओतत असे. जेकबसन यांच्या १९८८ च्या निबंधातला उपाय आजही वाचण्यासारखा आहे: सुरुवात थोड्या पॅकेटांनी करायची, पावत्या येतील त्या बेताने वाढवायची, पॅकेट हरवलं की हात आखडता घ्यायचा, आणि पावतीची वाट किती बघायची ते पावत्यांच्या वेळेतला चढउतार मोजून ठरवायचं. जाड तार टाकून हे सुटलं नाही. दुरुस्ती झाली ती दोन्ही टोकांच्या संगणकांत. मधल्या यंत्रापाशी बसून कितीही कमांड दिल्या असत्या, तरी कारण हाती लागलं नसतं.

ही जुनी गोष्ट झाली, म्हणशील. मग एक हिशेब कर, कागद-पेन्सिल घेऊनच कर. पावत्यांचा हा सगळा व्यवहार ज्या नियमांनी चालतो त्यांचं नाव टीसीपी. त्याच्या मूळ रचनेत विंडोचा आकडा लिहायला १६ बिटांची जागा आहे, म्हणजे पावती न येता वाटेवर असू शकणारा डेटा जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटर धर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, तेव्हा जाऊन-येऊन सव्वाशे मिलिसेकंद निव्वळ प्रवासाचे. केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेत राउटर लागतात. २०० मिलिसेकंद धरू. दर २०० मिलिसेकंदांना ६५,५३५ बाइट, म्हणजे सेकंदाला जेमतेम २.६ मेगाबिट. लाइन १०० मेगाबिटची घे नाहीतर १००० ची, एका जोडणीला मिळणार तेवढंच. तीच लाइन मुंबई-पुणे असेल आणि फेरी ५ मिलिसेकंदांची असेल, तर तेवढ्याच विंडोत शंभर मेगाबिट आरामात भरतात. ‘स्पीड वाढवून घ्या’ हा सल्ला पुण्याच्या बाबतीत कदाचित बरोबर ठरेल, न्यूयॉर्कच्या बाबतीत पैसे पाण्यात.

यावर १९९२ मध्ये तोड निघाली: विंडोच्या आकड्याला गुणक लावायचा. पण तो गुणक जोडणीच्या पहिल्या दोन पॅकेटांत, म्हणजे सिन आणि सिन-अॅकमध्येच सांगितला जातो, पुढे नाही. पॅकेटं टिपून दाखवणारं वायरशार्क मध्येच सुरू केलंस तर त्याला गुणक ठाऊक नसतो आणि दिसणारा आकडा दिशाभूल करतो. वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने तो गुणक गाळला, तर लाइन उत्तम, दोन्ही यंत्रं उत्तम, आणि वेग मात्र रडका. असा बिघाड ज्याला ओळखता येतो त्याला मी नेटवर्कचा माणूस म्हणतो.

तुझे आक्षेप मला दिसतात. मुलाखतीत कमांड विचारतात, सर्टिफिकेट मागतात. खरं आहे, आणि पोटापाण्याचा विचार हलका नाही. सर्टिफिकेट जरूर घे, पण नंतर. पॅकेट कळलेल्याला कमांड भराभर येतात, आणि कंपनी बदलली की कमांड बदलतातच. दुसरा आक्षेप, आता सगळं क्लाउडवर आहे, तारा आणि राउटर कोण बघतो? ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद पडलं. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारं अंतर्गत जाळं तुटलं. मग नावावरून पत्ता सांगणाऱ्या तिच्या डीएनएस सर्व्हरांनी, डेटा सेंटरशी संपर्क नाही असं बघून, आपल्याकडे येण्याचे मार्ग बीजीपीतून, म्हणजे नेटवर्कं एकमेकांना मार्ग कळवतात त्या व्यवस्थेतून, स्वतःच मागे घेतले. सर्व्हर जिवंत होते, फक्त जगाला त्यांची वाट माहीत नव्हती. बाहेरून दिसत होतं ‘नाव सापडत नाही’. मूळ दोन थर खाली होतं. क्लाउडने तारा नाहीशा केल्या नाहीत, दुसऱ्याच्या इमारतीत नेल्या. आणि टीसीपीच जुनं झालं, आता क्विक आलं, असं कोणी म्हणालं तर २०२१ चं क्विकचं मानक उघडून बघ: हरवलेलं पॅकेट ओळखणं, फेरीचा वेळ मोजणं, कोंडी दिसताच आवरतं घेणं, सगळं तिथे पुन्हा हजर आहे, यूडीपी या साध्या प्रोटोकॉलच्या पाठीवर बसून.

एक सावधगिरी मात्र घे. मूळ म्हणजे नेटवर्कचं काम थरांत मांडणाऱ्या ओएसआय नमुन्याचे सात थर घोकणं, असं कॉलेजात वाटू लागतं. ते थर बोलायला सोयीचे आहेत, पण इंटरनेट त्यांच्यावरून बेतलेलं नाही. टीसीपीचा पाया घालणारा सर्फ आणि कान यांचा निबंध १९७४ चा, इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं अर्पानेट टीसीपी-आयपीवर गेलं १ जानेवारी १९८३ ला, आणि ओएसआयचं मानक आलं १९८४ मध्ये. परीक्षेपुरते पाठ कर आणि पुढे हो.

पुस्तक कुरोज आणि रॉस यांचं घे. टीसीपीचं प्रकरण सावकाश वाच, बाकी काही गाळलंस तरी चालेल. सोबत लिनक्सवर नेटेम वापरायला शीक. त्याने लाइनवर हवा तेवढा विलंब आणि हवी तेवढी गळती मुद्दाम घालता येते. (ही एक कमांड तुला माफ.) दोन संगणक जोड, मोठी फाइल पाठव, आधी नुसता २०० मिलिसेकंदांचा विलंब घाल, मग त्यावर एक टक्का गळती. शंभरात एकच पॅकेट हरवतंय, तरी वेग एक टक्क्याने न घटता पार कोसळतो. तो का, हे वायरशार्कच्या आलेखात शोध आणि दिवाळीला येशील तेव्हा आलेख घेऊनच ये.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा