एकादशी, लंगर आणि सहाव्या अध्यायातला ‘विहार’

आजचं चिंतन : गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७



आजच्या दोन श्लोकांत भगवंत अगदी घरगुती बोलतात. खाणं, झोपणं, जागणं, हिंडणं. जो फार खातो त्याला योग साधत नाही, आणि जो मुळीच खात नाही त्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. आहार-विहार मापात असेल, तरच योग दुःख घालवतो.

‘आहार’ या शब्दावर आपण भरपूर बोलतो. ‘विहार’ मात्र पटकन वाचून पुढे जातो. विहार म्हणजे हिंडणं-फिरणं, विरंगुळा, मोकळा वेळ. रणांगणावर उभ्या असलेल्या माणसाला मोकळ्या वेळाबद्दल कशाला सांगायचं, असं मला वाटायचं. ते थोडंफार कळलं ते टोरांटोत.

२०१८ च्या नोव्हेंबरात, १ ते ७ तारखेला, तिथे जागतिक सर्वधर्म परिषद भरली होती. १८९३ साली शिकागोत स्वामी विवेकानंद ज्या परिषदेत बोलले, तिचीच ही परंपरा. मी तेव्हा तिथेच नोकरीला होते. शनिवार ३ तारीख, रमा एकादशी. सकाळपासून एका सत्रातून दुसऱ्या सत्रात नुसती पळत होते. मधे दहा मिनिटं मिळाली की मोबाइल. एका सत्रात एक गृहस्थ मूर्तिपूजेबद्दल असं काही बोलले की माझं डोकंच फिरलं. उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही, ते मनात घोळवत बसले.

दुपारी मैत्रीण म्हणाली, लंगरला चल. या परिषदांमध्ये शीख मंडळी येईल त्याला फुकट जेवू घालतात. २००४ साली बार्सिलोनातही समुद्राकाठी त्यांचा लंगर होता. चपला बाहेर, डोक्यावर रुमाल, आणि सगळे जमिनीवर एका ओळीत. नाना तऱ्हेच्या झग्यांतले धर्मगुरू मांडी घालायची खटपट करत होते, ते बघायला मजा येत होती.

मी दारातच थांबले. “माझा उपवास आहे.” खरं सांगते, त्या वाक्यात थोडा तोरा होता.

वाढणाऱ्यांतले एक म्हातारे सरदारजी जवळ आले. कुठली बेटा? म्हटलं, महाराष्ट्र. त्यांचा चेहरा खुलला. “म्हणजे नामदेवजींची!” नामदेवरायांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, हे आपण पुस्तकात वाचतो. त्यांच्यासाठी ती घरातली गोष्ट होती. मग म्हणाले, “उपवास पोटाचा आहे ना? हात तर मोकळे आहेत.” आणि रोट्यांची टोपली माझ्या हातात दिली.

लंगरमध्ये रोटी ताटात टाकत नाहीत. समोरचा दोन्ही हात पुढे करतो, आपण वाकून ती त्याच्या हातांवर ठेवायची. पाच-सहा जण झाले आणि समोर सकाळचेच गृहस्थ! हात पसरून बसलेले. त्यांनी मला ओळखलं नाही. मी रोटी ठेवली. ते हसले. माझं तयार उत्तर कुठे गेलं कोण जाणे.

तिसऱ्या अध्यायाचा तेरावा श्लोक इथे जोडून वाचा. जे फक्त स्वतःसाठी शिजवतात ते पाप खातात, असं भगवंत तिथे स्पष्टच सांगतात. मला प्रश्न पडला, वेळाचं काय? फक्त स्वतःसाठी राखलेला वेळ? श्लोकात हे थेट नाही, हे माझं वाचन आहे. पण विनोबांची गीता-प्रवचनं आठवा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात रविवारी-रविवारी झाली, साने गुरुजींनी लिहून घेतली. कैदेत मिळालेला तेवढा मोकळा वेळ त्यांनी वाटला, म्हणून ते पुस्तक आज आपल्या हातात आहे.

आणि हो, ‘मुळीच न खाणाऱ्याला योग नाही’ याचा अर्थ एकादशी सोडा असा लावू नका, प्लीज. उपवास करून दारात वेगळं उभं राहणं, हे माझं बिघडलं होतं.

पंगत उठल्यावर सरदारजी एक केळं घेऊन आले. “हे तर चालतं ना?” आम्ही भिंतीला टेकून बसलो. ते नातवाबद्दल बोलले, मी आईबद्दल. मधेमधे काहीच बोललो नाही. वहीत लाल खूण केलेलं सत्र तेवढ्यात संपून गेलं.

त्या रात्री तिथली घड्याळं एक तास मागे गेली. रविवारी तो जास्तीचा तास हाताशी होता, म्हणून लवकर पोचले, कांदे चिरायला बसले, आणि द्वादशीचं पारणं पंगतीत सोडलं. या वेळी हात मी पुढे केले.