भीती मनाला वाटते, मग पोट का ढवळतं?

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. वर्गात दिवसभर बोलते, पण पालकसभेत किंवा केंद्राच्या शिक्षण परिषदेत बोलायची पाळी आली की छाती धडधडते, हात गार पडतात, तोंडाला कोरड पडते, पोटात ढवळतं आणि नेमकं तेव्हाच शौचाला जावंसं वाटतं. मागच्या वेळी तर बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या आल्या, चक्कर आल्यासारखं झालं. डॉक्टरांनी ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं तपासलं, काही निघालं नाही. घरचे म्हणतात, "मनाचे खेळ आहेत, शांत राहा." मनातली भीती पोटाला आणि बोटांना कळते तरी कशी? आणि शांत व्हायचं ठरवूनही शांत का होता येत नाही?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तुम्हाला जे जाणवतं, ते सगळं शरीरात खरोखर घडतं. तपासण्यांत आजार सापडला नाही, याचा अर्थ धडधड काल्पनिक होती असा होत नाही. म्हणून 'मनाचे खेळ' या उत्तरावर तुमचं समाधान झालं नाही, ते योग्यच आहे.

पोटापासून सुरुवात करू. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये. त्यानंतर थोड्याच काळात अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात वैद्यकाचं शिक्षण घेणारे वॉल्टर कॅनन मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न भरवून त्यांच्या जठराची हालचाल या किरणांनी पाहू लागले. त्यांना अभ्यास करायचा होता पचनाचा. पण मांजर बिथरलं की जठराची हालचाल थांबायची आणि ते निवांत झालं की पुन्हा सुरू व्हायची. या निरीक्षणाचा त्यांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला आणि वेदना, भूक, भीती व राग यांमुळे शरीरात होणाऱ्या बदलांवर १९१५ मध्ये पुस्तक लिहिलं. धोका दिसताच शरीर लढायची किंवा पळायची तयारी करतं, ही आज सर्वांना माहीत असलेली कल्पना त्यांचीच.

ही तयारी अशी होते. मेंदूत खोलवर अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आहे. तो राखणीच्या कुत्र्यासारखा वागतो: चोर असो की पोस्टमन, आधी भुंकतो. सभागृहातल्या पन्नास नजरा त्याला धोक्याच्या वाटल्या की 'ही तर ओळखीचीच माणसं आहेत' हा विचार पूर्ण व्हायच्या आत इशारा सुटलेला असतो. तो स्वायत्त मज्जासंस्थेमार्फत शरीरभर जातो. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात.

त्यानंतरचं प्रत्येक लक्षण म्हणजे शरीराने केलेलं एकेक काम असतं. पळायला स्नायूंना रक्त हवं, म्हणून हृदय जोरात चालतं. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हात गार पडतात. पचन तूर्त थांबवायचं असतं, म्हणून लाळ आटते आणि जठर मंदावतं. मोठं आतडं मात्र उलट जोरात हालचाल करू लागतं. सभेच्या तोंडावर शौचाला जावंसं वाटतं ते त्यामुळे.

बोटांच्या मुंग्यांचं कारण मात्र वेगळं आहे, आणि ते समजून घेतलं तर तुमची अर्धी भीती कमी होईल. घाबरल्यावर आपण नकळत भरभर श्वास घेतो. पळत असतो तर स्नायूंनी तेवढा कार्बन डायऑक्साइड तयारही केला असता. आपण उभे असतो जागेवर. त्यामुळे शरीरातून हा वायू गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो आणि रक्ताची आम्लता घटते. मग रक्तातलं मुक्त कॅल्शियम कमी होतं, मज्जातंतू चटकन उत्तेजित होतात आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. मेंदूतल्या रक्तवाहिन्याही थोड्या आकसतात, म्हणून गरगरतं. या वेळी रक्तात ऑक्सिजन पुरेसा असतो, तरी श्वास पुरत नाही असं वाटतं आणि माणूस आणखी मोठे श्वास ओढतो. 'मोठा श्वास घे' हा आपुलकीचा सल्ला इथे उलटतो तो असा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हृदयाला 'हळू चाल' म्हणून ते ऐकत नाही. जठर, घामाच्या ग्रंथी, रक्तवाहिन्या यांतलं काहीच आपल्या हुकमात नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपल्याला हवा तसा चालवताही येतो. शांत होण्याची वाट तिथून जाते.

मेंदूतून निघून छातीत व पोटात उतरणारी व्हेगस नावाची नस हृदयाची गती कमी करते. हे काम ती एका रसायनामार्फत करते, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवलं. एका हृदयाची व्हेगस नस उत्तेजित केली, त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावलं. या कामासाठी १९३६ चं नोबेल त्यांना हेन्री डेल यांच्यासह मिळालं. आपण उच्छ्वास सोडतो तेव्हा या नशीचा जोर वाढतो. हे स्वतः तपासून पाहा. मनगटावर बोटं ठेवून नाडी बघत सावकाश श्वास घ्या आणि सोडा. बहुतेकांना श्वास घेताना नाडी किंचित जलद आणि सोडताना हळू झाल्याचं जाणवतं.

म्हणून भर द्यायचा तो श्वास सोडण्यावर. नाकाने चार आकडे मोजत हलका श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पाच मिनिटं पुरे. आपल्याकडे भ्रामरी करतात, तिच्यात गुंजारवामुळे उच्छ्वास आपसूकच लांबतो. प्राणायामाचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत तपासायचं काम स्वामी कुवलयानंदांनी सुरू केलं आणि त्यासाठी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभारलं. हा सराव रोज, मन स्वस्थ असताना करा. ऐन सभेत पहिल्यांदा करायला गेलात तर जमणार नाही.

दुसरा उपाय स्नायूंचा. एडमंड जेकबसन यांनी १९२९ च्या पुस्तकात मांडलेल्या पद्धतीचं हे सोपं रूप आहे: मूठ पाच सेकंद घट्ट आवळा, मग सैल सोडून वीस सेकंद तो सैलपणा अनुभवा. पुढे खांदे, जबडा, पोटऱ्या. खुर्चीत बसूनही हे कोणाच्या लक्षात न येता करता येतं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रक्तातलं अ‍ॅड्रेनलिन शरीर काही मिनिटांत मोडून टाकतं. म्हणजे ही लाट तशीही ओसरणारच असते. पण 'मला काहीतरी होतंय, आता मी पडणार' या विचाराने अमिग्डाला पुन्हा भुंकतो आणि नवं अ‍ॅड्रेनलिन येतं. लक्षणांचीच धास्ती लक्षणं लांबवते. तेव्हा धडधड सुरू झाली की तिच्याशी झगडू नका. 'हे अ‍ॅड्रेनलिन आहे, ओसरेल' एवढं स्वतःला सांगा आणि तिथेच थांबा. सभा टाळलीत तर त्या दिवशी बरं वाटेल, पण सभा खरंच धोक्याची होती असा समज मेंदूत पक्का होईल. आधी दोन वाक्यांचं आभार प्रदर्शन, मग पाच मिनिटांचं मनोगत, असं पायरीपायरीने पुढे जा. त्या दिवशी चहा-कॉफी कमी घ्या, कारण कॅफिनमुळेही छाती धडधडते. आदल्या रात्रीची झोप मोडू नका.

काही वेळा मात्र थांबू नये. छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, दरदरून घाम फुटला असेल, शुद्ध हरपत असेल, तर ती भीतीच असेल असं गृहीत न धरता लगेच १०८ वर फोन करा. काळजी महिनोन्महिने जवळपास रोजच पोखरत असेल किंवा तिच्यामुळे कामं सुटत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. विचार आणि वर्तन बदलणारी उपचारपद्धती आणि गरजेनुसार औषधं यांचा चांगला उपयोग होतो. केंद्र सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

धडधड पूर्ण बंद व्हावी हे ध्येय ठेवू नका. अनुभवी वक्त्यांचीही छाती बोलण्याआधी धडधडते. पुढच्या परिषदेत ती धडधडत असतानाच तुमची दोन वाक्यं पूर्ण करा आणि पुढच्या वेळी त्यात तिसरं मिळवा.